कोणीही घेऊ शकेल असा तास

गणिताचे सर रजेवर गेले की पर्यवेक्षक आधी गणित शिकवणाराच दुसरा माणूस शोधतात. तो मिळाला नाही तर विज्ञानाच्या बाईंना गळ घालतात आणि तेही जमलं नाही तर वर्ग मैदानावर सोडतात. गृहशास्त्राच्या किंवा कार्यानुभवाच्या बाई रजेवर गेल्या की एवढी शोधाशोध होत नाही. बदली तासांच्या वहीत जिचा तास मोकळा दिसेल तिच्या नावापुढे खूण होते. ‘जिचा’ असंच म्हणायला हवं, कारण मोकळा तास एखाद्या सरांचा असला तरी वही सहसा त्यांना ओलांडून पुढे जाते. स्वयंपाक, शिवण, मुलं सांभाळणं बाईमाणसाला येतंच. त्यात शिकवायचं ते काय, असा त्यामागचा हिशेब.

तो हिशेब पहिल्या दहा मिनिटांत कोसळतो, आणि रायगड जिल्ह्यातल्या पेण किंवा रोह्याच्या वर्गात तर पाचच मिनिटांत. इतिहासाचा बदली तास निभावून नेता येतो. पुस्तक उघडायचं, एकाला मोठ्यानं वाचायला लावायचं, दोन प्रश्न फळ्यावर लिहायचे. पानिपतावर वर्गातलं कोणी गेलेलं नसतं. ‘पापड का फुलतो’ हा प्रश्न पेणच्या वर्गात विचारला, तर समोर निदान चार मुली अशा असतात, ज्यांच्या हाताखालून उन्हाळ्याच्या सुट्टीत शेकडो लाट्या गेलेल्या असतात. त्यांना पुस्तकातलं पापडाचं वाक्य वाचून दाखवलं तर त्या एकमेकींकडे बघून हसतात. विद्यार्थ्यांना विषय आधीच येतो आणि शिक्षकाला नाही, ही शाळेतली दुर्मिळ अवस्था आहे. बदली शिक्षकाला ती फुकटात मिळते. तिचं काय करायचं, हा या प्रकरणाचा विषय.

बदलीचे दोन प्रकार आहेत. एक ऑफ तास: पस्तीस-चाळीस मिनिटं काढायची आणि विसरून जायचं. दुसरा रजेच्या जागेवरचा. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७चा कायदा आणि त्याखालची १९८१ची नियमावली आहे. रजेच्या मुदतीपुरती नेमणूक त्या चौकटीत होते. मूळच्या बाई हजर झाल्या की ती संपते. या विषयात रजा बहुधा प्रसूतीची असते. १८० दिवसांची ही रजा म्हणजे शाळेच्या वर्षाचा मोठा तुकडा. बालविकास शिकवणारी शिक्षिका प्रात्यक्षिकाला घरी गेली आणि तिचा पाठ्यक्रम दुसरीकडे आला, असा हा प्रकार. त्यातही अनेकदा पूर्ण पगाराची नेमणूक न होता तासिका तत्त्वावर माणूस घेतला जातो. दिवा-रोहा गाडीनं ये-जा करत, पेणला दोन तास घेऊन कासू, नागोठणे, निडी मागे टाकत रोह्याला आणखी दोन तास घ्यायला उतरणाऱ्या अशा शिक्षिकेला टाचण लिहायला गाडीतला वेळच मिळतो.

विषयाचं रूपही तिला आधी समजून घ्यावं लागतं, कारण तो एका नावाखाली सापडत नाही. शाळेच्या वर्गांना कार्यानुभव असतो. त्याच्या गरजाधिष्ठित उपक्रमांत अन्न, वस्त्र, निवारा हे तिन्ही येतात. अकरावी-बारावीला हाच विषय फुटून बालविकास, अन्नशास्त्र व तंत्रज्ञान, वस्त्रशास्त्र, गृहव्यवस्थापन अशा स्वतंत्र विषयांत जातो. वरच्या वर्गात प्रथिनं आणि जीवनसत्त्वं, खालच्या वर्गात कागदी फुलं आणि बटण लावणं. मधला धागा शिक्षकानं स्वतः ओढायचा.

‘कोणीही घेऊ शकेल’ ही समजूत या विषयाला चिकटली कशी, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं. जन्माच्या वेळी हा विषय मुळीच हलका नव्हता. एलेन स्वालो रिचर्ड्‌स ही अमेरिकेतल्या एमआयटीतली पहिली विद्यार्थिनी. रसायनशास्त्राची पदवी तिनं १८७३ साली घेतली आणि पुढे पाण्याच्या नमुन्यांचं पृथक्करण करण्यात आयुष्य घालवलं. १८९९ साली लेक प्लॅसिड इथं भरलेल्या परिषदेत या शाखेचा पाया घातला गेला, त्यात ती पुढे होती. स्वयंपाकघराकडे ती प्रयोगशाळेतून आली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडची वाट वेगळी. महर्षी कर्वे यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचली, डिसेंबर १९१५मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून आपली कल्पना मांडली आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं. त्याच्या अभ्यासक्रमात गृहशास्त्राला आणि आरोग्यशास्त्राला मानाचं स्थान होतं. मुलींचं शिक्षण समाजाच्या गळी उतरवायला ते उपयोगीही पडलं: शिकलेली मुलगी संसार अधिक चांगला करील, असं सांगता आलं. पुढे नेमकं हेच अंगाशी आलं. विषय मुलींचा ठरला आणि मुलींचा ठरला म्हणून सोपा ठरला.

या समजुतीला सरकारी पातळीवर पहिला मोठा धक्का ज्या साखळीतून बसला तिची एक कडी रोह्यापर्यंत येते. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे अर्थमंत्री. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण कुटुंब रोह्याचं. रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. १९५३ साली त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षपदी १९५८ साली नेमल्या गेल्या त्या याच दुर्गाबाई देशमुख. त्या समितीच्या शिफारशीतून स्त्रीशिक्षणाची राष्ट्रीय परिषद निघाली. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, हे ठरवायला परिषदेनं हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हंसाबाई बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू राहिल्या होत्या आणि गृहविज्ञानाची विद्याशाखा तिथं त्यांच्याच काळात सुरू झाली होती. म्हणजे या विषयाबद्दल त्यांना आकस असण्याचं कारण नव्हतं. तरी समितीचं म्हणणं स्वच्छ होतं: मुलगा की मुलगी यावरून अभ्यासक्रम वेगळा करू नये. कोठारी आयोगानं (१९६४-६६) ते उचलून धरलं आणि गृहविज्ञान मुलींवर सक्तीचं नसावं, असं सांगितलं.

सक्ती गेली हे योग्यच झालं. पण दुसरं अर्ध काम राहिलं, मुलांना तो विषय देण्याचं. जपाननं १९९३ साली कनिष्ठ माध्यमिक आणि १९९४ साली उच्च माध्यमिक वर्गांत गृहशास्त्र मुलगे आणि मुली दोघांना सक्तीचं केलं. फिनलंडमध्ये सातवीत सगळ्यांनाच ते घ्यावं लागतं. आपल्याकडे ते ऐच्छिक झालं आणि ज्या त्या शाळेच्या सवडीवर गेलं.

गंमत अशी की मुलांनी घरकाम करण्याचा धडा पेण तालुक्यातच जन्मला, असं म्हणता येईल. विनोबा भावे १८९५ साली तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. साबरमतीच्या आश्रमात दळण, स्वयंपाक, सफाई ही कामं त्यांनी रोजची म्हणून केली. तिथून काही काळ अध्ययनासाठी वाईला गेले, तेव्हा तिथल्या मुलांना बरोबर घेऊन पैसे घेऊन लोकांचं दळण दळलं आणि त्या पैशातून वाचनालय चालवलं. चांगल्या घरची मुलं जात्यावर बसली. पेणच्या बदली बाईंना वर्गातल्या मुलग्यांनी ‘आम्ही पण करायचं?’ असं विचारलं तर उत्तराला गागोदं हाताशी आहे.

आता प्रत्यक्ष तासाकडे.

पहिल्या दिवशी शिकवायला उभं राहण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. जडसंग्रह नोंदवही मागून घ्यावी. खोलीत किती पातेली, किती कात्र्या, शिवणयंत्र चालू की बंद, तराजूची वजनं पूर्ण आहेत का, हे तिच्यात लिहिलेलं असतं. निदान असायला हवं. नोंद आणि कपाट यांचा मेळ बसत नसेल तर तो त्याच दिवशी लेखी कळवावा. सहा महिन्यांनी हरवलेल्या झाऱ्याचा हिशेब बदली शिक्षकाच्या माथी येतो. दुसरी गोष्ट गॅसची. नळीवरची मुदत बघावी, रेग्युलेटर बसवून साबणाचा फेस लावून पाहावा. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. वास आला की पंखा किंवा दिव्याचं बटण दाबायचं नाही. दारं-खिडक्या उघडायच्या आणि खोलीबाहेर पडायचं. वायूला स्वतःचा वास नसतो, तो मर्कॅप्टन घालून मुद्दाम दिलेला असतो. रोह्याच्या मुलांना हे फार समजावावं लागत नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे कुठला वास साधा आणि कुठला धावायला लावणारा, याचं शिक्षण त्यांच्या नाकाला आधीच मिळालेलं असतं.

गॅस नीट नसेल तर तो बंद ठेवून तास घेता येतो. पेणमध्ये तर उत्तम घेता येतो.

पेण गणपतींसाठी जगभर माहीत आहे. त्याखालोखाल पोहे, पापड, मिरगुंडं. या दोन्हींना जोडणारा एक प्रश्न वर्गात टाकावा. पोह्याच्या पापडाचं पीठ गार पाण्यात मळता येतं, मग मोदकाला उकड का काढावी लागते? दोन्ही तांदळाचीच. वर्ग गप्प होतो. हातांना माहीत असलेली गोष्ट कोणी कधी विचारलेली नसते. कोणीतरी म्हणतं, ‘बाई, तसंच करतात.’ मग टेबलावर दोन वाट्या मांडायच्या. एकीत तांदळाची पिठी, दुसरीत पोहे दळून केलेलं पीठ. दोन्हींत चमचा चमचा गार पाणी घालायचं आणि मुलांना मळायला सांगायचं. पिठीचा गोळा दाबला की होतो, लाटायला घेतला की कडा फाटतात आणि मधोमध चीर जाते. पोह्याच्या पिठाचा गोळा पाणी पिऊन घट्ट होतो, बोटाला चिकटतो, लाटणं सोसतो. थर्मासमधून आणलेलं कढत पाणी तिसऱ्या वाटीतल्या पिठीवर ओतून ती झाकून ठेवली तर पाचेक मिनिटांत तीही मऊ पडू लागते.

कारण स्टार्चमध्ये आहे. तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून कच्च्या पिठीला धरून ठेवणारं काही नसतं. तांदळाचा स्टार्च घट्ट कणांत बांधलेला असतो. पाण्याबरोबर साधारण ६५ ते ७५ अंशांपर्यंत तापवला की ते कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची बांधणी सुटून चिकटपणा येतो. उकड काढणं म्हणजे हेच काम चुलीवर करणं. पोहे करताना ते आधीच झालेलं असतं. भात गरम पाण्यात भिजतं, मग भट्टीत भाजलं जातं, मग कांडून चपटं होतं. पोहा हातात येतो तेव्हा त्याचा स्टार्च शिजून गेलेला असतो. म्हणून पोहे नुसते भिजवून खाता येतात आणि तांदूळ येत नाहीत. या एका प्रयोगातून मोदक, फेण्या, पोह्याचे पापड आणि दहीपोहे एका ओळीत उभे राहतात. पुस्तकातलं स्टार्चचं पान त्यानंतर उघडावं.

मग पापडखार. चिमूटभर हळद पाण्यात कालवून तिचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकायचे, त्यावर पापडखाराचं पाणी. डाग लाल होतो. हळदीच्या हाताला साबण लागला की असाच होतो आणि हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच कारणानं: हळद अल्कधर्मी पदार्थात लाल होते. वर लिंबू पिळलं की डाग पुन्हा पिवळा. वर्गातल्या मुलींना खार जास्त पडला तर पापड कडवट लागतो आणि तांबूस पडतो हे ठाऊक असतं. खार कोणत्या जातीचा पदार्थ आहे हे आता कळतं. उडदाच्या पिठाला तो सैल, लवचीक करतो, तळताना त्यातून निघणारा वायू फुलायला मदत करतो. पण फुलण्याचं मुख्य काम पापडात राहिलेलं पाणी करतं. कढत तेलात त्याची एकदम वाफ होते आणि ती बाहेर पडताना पापडाला पसरवते. म्हणून पापड कडकडीत वाळवला तर नीट फुलत नाही, उलट तडकतो, आणि कमी वाळवला तर पावसाळ्यात डब्यात बुरशी येते. किती वाळवायचा हे पेणच्या बायका पापड वाकवून ठरवतात. बदली बाईंनी इथं खडू खाली ठेवून एखाद्या मुलीला पुढे बोलवावं आणि पापड वाकवून दाखवायला सांगावं. तिला हे वर्गातल्या इतरांपेक्षा आणि बाईंपेक्षाही चांगलं येत असतं.

या ठिकाणी शिक्षकाच्या मनात एक शंका येते: मुलीनंच शिकवलं तर माझं काम काय? काम उरतंच, आणि ते मोठं आहे. ती मुलगी ‘एवढा वाकला पाहिजे’ इथवर सांगते. एवढा का, जास्त का नाही, मुंबईच्या बंद खोलीत हाच पापड वाळायला किती दिवस लागतील, हे विचारायला बाहेरचा माणूस लागतो. ज्या बाई वर्षानुवर्षं हाच तास घेतात त्यांना हे प्रश्न कधीकधी सुचेनासे होतात. बदलीवर आलेल्या मराठीच्या किंवा भूगोलाच्या बाईंना ते सहज सुचतात. माझ्या मते बदली शिक्षकाचा या विषयातला खरा फायदा हा आहे.

आहाराचा पाठ असाच घेता येतो. रायगड भाताचा जिल्हा. पॉलिश केलेल्या तांदळावरच जगणाऱ्या लोकांना बेरीबेरी होतो, हे डच डॉक्टर आयकमनच्या कामातून पुढे आलं आणि त्याला १९२९ साली नोबेल मिळालं. कोंड्याबरोबर थायमिन निघून जातं हे या रोगाचं कारण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची सुरुवातही १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीनं झाली होती. कोकणातल्या उकड्या तांदळाची थोरवी इथं सांगावी: भात तुसासकट उकडताना थायमिनचा काही भाग दाण्याच्या आत शिरतो, म्हणून सडल्यावरही तो टिकतो. भाताच्या प्रथिनांत लायसिन कमी, ते वालात भरपूर. वालाचं बिरडं आणि भात ही जोडी कोणी आहारतज्ज्ञानं ठरवलेली नाही, तरी तिचं गणित चोख आहे.

वालावरून रोह्याच्या वर्गात पोपटीकडे वळायला एक वाक्य पुरतं.

थंडीत, शेतातल्या वालाच्या शेंगा भरल्या की रायगडभर पोपट्या लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा आणि जाडं मीठ चोळलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, कोणाची मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला, आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. मडकं उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायचं. साधारण अर्ध्या तासात पोपटी तयार. पाण्याचा थेंब घातलेला नसतो.

वर्गात विचारावं: पोपटी कोणकोण लावतं? मुलग्यांचे हात वर जातात, अगदी शेवटच्या बाकापर्यंत. मग विचारावं: स्वयंपाक कोणाला येतो? तेच हात खाली. पोपटी म्हणजे स्वयंपाक आहे असं त्यातल्या कोणालाच वाटत नाही. रात्री शेतात मित्रांबरोबर करतात तो ‘कार्यक्रम’. पण किती पाला लागेल, कोणती वस्तू खाली, कोणती वर, आच कुठे कमी पडते, झाली की नाही हे कसं ओळखायचं, हे त्यांना तपशिलानं येतं. काही जण मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. ते चर्र होऊन लगेच उडालं की मडकं बाजूला घेतात. गृहशास्त्राच्या पुस्तकात ओली उष्णता आणि कोरडी उष्णता असे शिजवण्याचे दोन वर्ग असतात. पोपटी दोन्हींत बसते आणि मुलं त्यावरून भांडतात. भांडू द्यावं. शेंगांतलं आणि पाल्यातलं पाणी वाफ होऊन त्यातच शेंगा शिजतात, ही ओली बाजू. मडक्याच्या तापल्या भिंतीला टेकलेली शेंग करपट होते आणि तिला खमंग वास येतो, ही कोरडी. मडकं उपडं का, हा त्यातला सर्वांत चांगला प्रश्न. वाफ हवेपेक्षा हलकी असते, वर चढते. मडकं सरळ ठेवलं तर ती तोंडातून निघून जाईल. उपडं ठेवलं की वर गेलेली वाफ बुडाशी अडकते आणि तिथंच राहते. तोंड जमिनीकडे, त्यात पाल्याचा बोळा. कुकरची रबरी रिंग जे करते ते इथं भांबुर्डी करते. वालात पचनाला अडथळा करणारे घटक असतात, ते उष्णतेनं निकामी होतात, म्हणून अर्धी कच्ची पोपटी खाल्ली की पोटात दुखतं हेही सांगून टाकावं. शेवटच्या बाकाला अनुभव असतो.

प्रात्यक्षिकाच्या वहीत ही पोपटी लिहून घेताना मुलग्यांना ‘साहित्य’ आणि ‘कृती’ हे दोन मथळे द्यावेत आणि मापं मागावीत. ‘अंदाजानं’ हे उत्तर चालवू नये. पाला किती, तर ओंजळींत सांगा. मीठ किती, तर घरी चमच्यानं मोजून या. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ निघालं. त्यात पाककृती मापांसह लिहिल्या गेल्या, तेव्हापासून सासूच्या हाताखाली न राहिलेल्या बाईलाही पदार्थ जमू लागला. पोपटीचं असं लिखाण या मुलांकडून झालं तर पुढच्या वर्षी ते वाचून एखादी मुलगी पोपटी लावील, आणि लावू द्यायची की नाही यावर गावात चर्चा होईल.

मूळच्या बाई परत येतात तेव्हा बदली शिक्षिकेनं चार कागद हाती द्यावेत: झालेल्या प्रात्यक्षिकांची यादी तारखांसह, तपासून सही केलेल्या वह्यांची संख्या, जडसंग्रहातला फरक आणि सिलिंडर कधी लावला ती नोंद. पाचवा कागद कोणी मागत नाही, पण तो द्यावा. त्यावर वर्गातल्या ज्या मुलामुलींनी पुढे येऊन काही शिकवलं त्यांची नावं आणि काय शिकवलं ते असावं. पापड वाकवून दाखवणारी कोण, मडकं उपडं का ते सांगणारा कोण. पुढचे प्रात्यक्षिकाचे गुण देताना मूळच्या बाईंना तो लागतो, कारण यातली निम्मी मुलं लेखी परीक्षेत काठावर पास होणारी असतात.